नॉर्मलचे त्रेचाळीस अर्थ

२ ऑगस्ट, सकाळी ११
मिळालं! शेवटी मला विशेषण मिळालं!

आपल्या बोलण्यात मुरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश आमच्या ऑफिसात सहा वर्षं रखडलाय, आणि त्याच्याबरोबर मीही. हंगामी सहायक. आजवर माझ्या वाट्याला नामं. टेबल, बल्ब, बादलीच्या जोडीचा मग. टेबलाला काय डोकं लागतं? चार पाय लिहिले की संपलं. आज मुख्य संपादिकांनी (तोंडावर मॅडम, इथे बाई) बोलावून सांगितलं की नॉर्मल तुम्ही करा. मुदत ३१ तारीख. नोंद चांगली झाली तर एक तारखेला कायम करण्याचा विचार होईल म्हणाल्या. विचार होईल म्हणजे झालंच.

संकल्प: रोज वीस कार्डं (शब्द कानावर पडला की ते वाक्य एका कार्डावर). पहाटे साडेपाचला उठणं. दिवसाला चहा दोनच. अण्णांना संध्याकाळी अर्धा तास वेळ देणं (जमल्यास).

२ ऑगस्ट, दुपारी ३
हा तिसरा चहा धरत नाही. ऑफिसचा आहे.

३ ऑगस्ट
साडेसातला उठलो. पहिलाच दिवस, शरीराला सवय नाही.

ऑफिसात पूर्णविरामच्या पोटात दुखायला लागलंय. हा माझा सहकारी. प्रत्येक चर्चेच्या शेवटी 'विषय संपला' म्हणतो, म्हणून हे नाव मीच ठेवलं. त्याने 'टाइट' चार दिवसांत उरकला. अर्थ किती, तर आठ! लाज नाही.

अण्णांना शब्द सांगितला. हसले. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, तर म्हणाले, माझा सगळा धंदा तीन शब्दांवर चालला: टाइट, लूज, नॉर्मल. गिऱ्हाईक पोट आत ओढून टाइट सांगायचं आणि ते वहीत गुपचूप नॉर्मल लिहायचे. लगेच कार्ड केलं. तारीख, वेळ, वक्ता, ठिकाण, वाक्य. कार्ड क्रमांक एक आणि वक्ता वडील. किती योग्य.

दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण मशीन घरी खिडकीशी आहे. गल्लीतल्यांच्या प्यांटी आखूड करून देतात. एक तारखेसाठी मला नवा शर्ट शिवतो म्हणाले. मी म्हटलं, नॉर्मल फिटिंग, आणि खिसा मात्र कार्डाच्या मापाचा, कार्ड उभं बसलं पाहिजे. माप घेताना टेप दोनदा उजव्या हातातून खाली पडली. वय झालंय, दुसरं काय.

५ ऑगस्ट
अर्थ नऊ झाले. फ्रिजमधलं नसलेलं पाणी नॉर्मल. ऑपरेशन न करता झालेलं बाळंतपण नॉर्मल. वेडा नसलेला माणूस नॉर्मल. काहीही न सापडलेला रिपोर्ट नॉर्मल. काय लक्षात आलं? हा शब्द, जे नाही त्याबद्दल बोलतो! हे आजवर कुणाला सुचलं नसणार. प्रस्तावनेत घालावं. बाई प्रस्तावना मला देतीलच.

संध्याकाळी ताईचा फोन. माझी मोठी बहीण, लांब दिलेली. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यामुळे तिला निघता येत नाही, मग फोनवरून माझ्यावर हुकूम. अण्णांनी तिला सांगितलं म्हणे की उजवा हात मधेच बधिर होतो, दहा मिनिटांनी परत ठीक होतो. तर डॉक्टरकडे ने. मी म्हटलं नेतो. ती म्हणाली उद्या. मी म्हटलं उद्याच. ती म्हणाली, तुझं उद्या मला माहितीये.

मला काय माहिती नाही का वडिलांची काळजी घ्यायची?

६ ऑगस्ट
डॉक्टरचं राहिलं. बाईंना प्रगती दाखवायची होती.

७ ऑगस्ट
तीन कार्डं बाद. मी झेरॉक्सवाल्याला विचारलं होतं की मशीन नॉर्मल चालतंय का, तो म्हणाला हो नॉर्मल. बाईंनी नियम चार दाखवला: वाक्य कानावर पडलेलं हवं, विचारून काढलेलं चालणार नाही. माणसाच्या तोंडात आपण शब्द घालायचा नाही. बाई हे मला सांगतायत! नियम चार मीच टाइप केलाय.

यापुढे घरीच गोळा करावीत. घरी तपासायला कोण येतंय?

८ ऑगस्ट
साडेपाचचा गजर लावला होता. वाजला असावा.

९ ऑगस्ट, सकाळी
मोठा शोध लागला.

चहा पिताना अण्णा म्हणाले की हात परत बधिर झाला, काही बरं वाटत नाहीये. तसं अगदीच बिनकामाचं वाक्य. मी म्हटलं, अण्णा, हेच जरा नॉर्मल घालून सांगा ना. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पेन उघडून बसलो. मग हळूच म्हणाले.

कार्ड ४१. सकाळी ७.५०. वक्ता: वडील. ठिकाण: स्वयंपाकघर. 'उजवा हात नॉर्मल वाटत नाहीये.'

नकारार्थी, शरीराबद्दल. सुंदर! मी त्यांची पाठ थोपटली. याला विचारून काढणं म्हणत नाहीत. याला संपादन म्हणतात.

१२ ऑगस्ट
अण्णा आता आपणहून शब्द वापरतात! एरवी चहाला बसले की ते काहीतरी बोलायचे आणि मी पेपर वाचायचो, चालू होतं. आता नॉर्मल म्हटलं की मी पेपर टाकून उठतो, पेन शोधतो, स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसतो. पेन निघालं की त्यांचा चेहरा कसा खुलतो! आज तीन दिली.

'सुई धरता येईना, पण अर्ध्या तासाने नॉर्मल झालं.'
'एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं, मग नॉर्मल.'
'हे नॉर्मल नाही ना रे?'

दुसऱ्यातून 'पूर्ववत' असा वेगळा अर्थ निघतो. तिसरं प्रश्नार्थक, त्याचा वेगळा गट. उत्तर द्यायचं राहिलं, कारण कार्डावर उत्तराला रकानाच नाही.

या वयात माणसाला असा छंद लागणं म्हणजे नशीबच. ताईला सांगितलं पाहिजे की मी रोज वेळ देतोय. अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास.

१४ ऑगस्ट
शर्टाची ट्रायल. डोकंच फिरलं. उजव्या बाहीची शिवण सापासारखी वळवळत गेलीये. ज्या माणसाने जन्मभर डोळे मिटून सरळ शिवण घातली त्याला माझ्याच शर्टाला हे सुचावं? मी बोललो. जरा जास्तच बोललो. परक्यांच्या प्यांटी सरळ आणि पोटच्या पोराची बाही वाकडी, असं काहीसं. अण्णा बाही उसवायला बसले. डाव्या हाताने उसवत होते, फार वेळ लागला.

तोंडातून एकही वाक्य नाही. आज कार्डं शून्य. अशाने काम कसं व्हायचं?

१५ ऑगस्ट
ताईचे दोन फोन. उचलले नाहीत. अर्थ सव्वीस.

१७ ऑगस्ट
आजचा दिवस सोन्याने मढवावा असा.

अण्णांना डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतंच (ताईने भावोजींकडूनही फोन करवला). अकराची वेळ. अण्णा आठपासून तयार. दाढी, इस्त्रीचा शर्ट, जुन्या कागदांची फाइल. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी पुढे जाऊन नंबर लावतो, नंबर जवळ आला की रिक्षा घेऊन येतो. उन्हात त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?

आणि काय सांगू! दवाखान्याची बाहेरची खोली म्हणजे खाण निघाली! शेजारीच रक्त तपासायची लॅब. जो तो नॉर्मल म्हणतोय! शुगर नॉर्मल, भूक नॉर्मल, एक बाई सुनेबद्दल सांगत होत्या की ती वागायला नॉर्मल आहे पण. या 'पण'मध्येच सगळं आहे. आमचा नंबर पुकारला तेव्हा त्या नेमक्या वाक्याच्या मध्यावर होत्या. मी मागच्या माणसाला म्हटलं, तुम्ही जा आधी. नंतर परत पुकारला, तेव्हाही तेच. दोन तासांत सतरा कार्डं, एकही विचारून काढलेलं नाही! नियम चार, बघून घे.

दीडला घरी आलो. अण्णा दाराजवळच्या खुर्चीवर. पायात चपला, मांडीवर फाइल. मी म्हटलं, आज फार गर्दी होती. ते म्हणाले, बरं. चपला काढल्या. फाइल कपाटात ठेवली. मी कार्डं लावत बसलो होतो तेव्हा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले:

कार्ड १३९. दुपारी २.१०. वक्ता: वडील. ठिकाण: बाहेरची खोली. 'नॉर्मल आहे रे आता, राहू दे.'

अर्थ एकतिसावा: केलेली तक्रार मागे घेताना वापरायचा शब्द. हा अर्थ कोणत्याही कोशात मिळणार नाही. मला भरून आलं. शब्दाबद्दल.

१८ ऑगस्ट
ताईचा फोन घेतला. विचारलं, दवाखान्यात गेलास का? म्हटलं, कालच जाऊन आलो. खोटं नाही. डॉक्टर काय म्हणाले? म्हटलं, गर्दी होती. मग लाइन खराब झाली. (मी फोन जरा लांब धरला.)

२१ ऑगस्ट
बाईंनी कच्चा मसुदा पाहिला. अकरा पानं, अडतीस अर्थ. म्हणाल्या, मी अर्धा कॉलम मागितला होता. मी म्हटलं, मॅडम, हा शब्द अर्ध्या कॉलममध्ये मावणारा नाही. पूर्णविराम पलीकडून म्हणाला, मी नऊ ओळींत बसवून देतो, विषय संपला. अज्ञान. नऊ ओळींत माझ्या एकट्या वडिलांचे अर्थ मावणार नाहीत.

चहा: सहा. पण साखर कमी.

२४ ऑगस्ट
आज अण्णांची वाक्यं थोडी विस्कळीत. कात्री हवी होती, तर म्हणाले की खिडकी दे. दिली नाही, कारण देणार कशी? दोघंही हसलो. तेवढ्यात त्यांना काहीतरी सांगायचं होतं. नॉर, नॉर, असं दोनदा झालं आणि पुढे शब्दच येईना. मी पेन धरून थांबलो. घड्याळ लावून तीन मिनिटं. माझ्या मनगटाला हात लावला, डोळ्यांत बघत राहिले. शब्द काही पूर्ण झाला नाही.

अपूर्ण वाक्य नियमात बसत नाही. कार्ड केलं नाही.

ठरवलं: १ तारखेला पहिलं काम डॉक्टर. कायम झाल्याची बातमीही डॉक्टरांना सांगता येईल. आठ दिवसांनी काय आकाश कोसळणार आहे?

२६ ऑगस्ट
अर्थ त्रेचाळीस. संपलं. मी थकलोय, पण हे थकणं मानाचं आहे. अण्णा दिवसभर खिडकीशी शर्ट घेऊन बसले होते. मशीन चालवत नव्हते, हातानेच काहीतरी चाललं होतं. बोलले नाहीत. मीही त्यांना त्रास दिला नाही.

२८ ऑगस्ट
सकाळी ७.२०. कात्री पडल्याचा आवाज, मग खुर्चीचा. अण्णा मशीनखाली. तोंड एका बाजूला ओघळलेलं. उजवा हात, उजवा पाय, काहीच नाही. मी आधी काय केलं ते लिहितो, कारण ही रोजनिशी आहे: मी घड्याळात पाहिलं आणि वेळ लिहिली. मग ॲम्ब्युलन्स.

२९ ऑगस्ट, हॉस्पिटल
सासूबाईंना शेजारणीवर सोपवून ताई आली. अण्णांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होती.

डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, पण करड्या. विचारलं की याआधी असं काही झालं होतं का? हाताला, डोळ्यांना, बोलण्यात? कधी, किती वेळ? ताई म्हणाली, फोनवर सांगायचे, पण तारखा आठवत नाहीत. मी म्हटलं, थांबा. आणि पिशवीतून डबा काढला.

वडिलांची तेवीस कार्डं. तारखेने लावलेली. सकाळची वेळ, दुपारची वेळ, किती मिनिटं, कुठली खोली. मी स्वतः वाचून दाखवायला लागलो. पहिली पाच-सहा त्या भराभर लिहून घेत होत्या. मग लिहायच्या थांबल्या. माझ्या हातातून कार्डं घेतली आणि स्वतः वाचली. म्हणाल्या, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, मी. अभिमानाने म्हटलं. इथे खोटं कशाला लिहू, अभिमानानेच म्हटलं. इतकी व्यवस्थित नोंद त्यांना कुणी दिली असेल?

त्यांनी विचारलं, हे बोलत असताना तुम्ही समोर होतात? मी म्हटलं, हो, स्टुलावर.

त्या म्हणाल्या की यातलं जवळजवळ प्रत्येक कार्ड हा इशारा होता. पहिल्या इशाऱ्याला, दहाव्या इशाऱ्याला आणलं असतं तरी औषधं सुरू करता आली असती. हा झटका बहुतेक टळला असता.

ताईने कार्डं घेतली. वाटलं, ओरडेल. नाही ओरडली. एकेक वाचून पलंगावर पालथं टाकत गेली. सतरा तारखेच्या कार्डावर थांबली. विचारलं, इथे कोपऱ्यात एकतीस काय लिहिलंयस? मी समजावून सांगायला लागलो की तक्रार मागे घेताना माणूस जेव्हा. ती मधेच उठून बाहेर गेली.

अण्णा जागे होते. सगळं ऐकत होते का, ते कळायला मार्ग नाही.

३१ ऑगस्ट
नोंद वेळेत दिली. मुदत म्हणजे मुदत.

बाईंनी आधी अण्णांची चौकशी केली, मग मूळ कार्डं मागितली. तेवीस नाहीत. डॉक्टरीणबाईंनी ती केसपेपरला टाचून टाकली, परत द्यायला तयार नाहीत. म्हणाल्या, पेशंटचा इतिहास आहे. कार्डाशिवाय अर्थ धरत नाहीत. बाईंनी विचारलं, एकटे वडील तेवीस वेळा हा शब्द कसा काय म्हणाले? मी खरं ते सांगितलं. की ते नुसतंच बरं वाटत नाही म्हणायचे, मी त्यांना शब्द घालायला शिकवलं, मग त्यांना कळलं की शब्द घातला की मी

की शब्द घातला की मी जवळ येऊन बसतो.

बाईंनी चष्मा काढला. नियम चारचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, तुम्ही घरी जा.

१ सप्टेंबर
पूर्णविराम कायम झाला. नॉर्मल त्याच्या नऊ ओळींत छापायला गेला. तीन अर्थ. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, विचारलं की वडील कसे आहेत. मी थांबलो की आता विषय संपला म्हणेल. म्हणाला नाही. माझ्यासाठी चहा घेऊन आला. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

मला परत नामं. 'पंखा'पासून सांगितलं होतं, पण तो इंग्रजी नाही असं मीच दाखवून दिलं. मग 'फॅन'.

४ सप्टेंबर
ताई अण्णांना घेऊन गेली. गाडीत त्यांना आडवं ठेवलं. मशीनही चढवलं. मी म्हटलं, आता त्यांना मशीनचा काय उपयोग? ती म्हणाली, दिसलं तरी बरं वाटेल. तुझा तर काही उपयोग झाला नाही. भावोजींनी तिला गप्प केलं.

मी खिडकीतून वाकून अण्णांना म्हटलं, लवकर नॉर्मल व्हा. त्यांनी मान पलीकडे वळवली. मान वळते, म्हणजे सुधारणा आहे.

शर्ट खुंटीला लावून गेली. उजवी बाही पाहिली. सरळ. हातशिलाईचे टाके, बारीक, पण सगळे उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताने घातलेले. एवढी अख्खी बाही. सव्वीस तारखेला दिवसभर ते हेच करत होते आणि मी चार हातांवर बसून अर्थ मोजत होतो.

१९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०
ताईचा फोन. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा. माणूस परत बोलायला लागावा म्हणून एक शिकवणाऱ्या बाई येतात, चित्रं दाखवतात, अण्णा नाव सांगतात. कप म्हणाले. खुर्ची म्हणाले. ताईचं नाव पहिल्याच आठवड्यात घेतलं, भावोजींना भावोजीच म्हणाले. मी विचारलं, आणि मला? ती मग म्हणाली, काल तुझा फोटो दाखवला.

मी पेन घेतलं. सवय.

म्हणाली, खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, कार्ड.

मी म्हटलं, बघ! माझं काम त्यांच्या लक्षात आहे! ताई म्हणाली, नाही रे. शिकवणाऱ्या बाईंनी तीनदा विचारलं, हे कोण? तीनदा कार्ड. त्यांना ते तुझं नाव वाटतं. आणि म्हणाली, ठेवते.

मी कार्ड केलं. तारीख, वेळ. वक्ता: वडील. ठिकाण: ताईचं घर. वाक्य: 'कार्ड.' विचारून काढलेलं आहे, आणि नॉर्मल हा शब्द त्यात नाही. दोन्ही नियमांनी बाद. फाडायला घेतलं. फाटेना. म्हणजे मला फाडता येईना. रडू आलं, ते लिहायला हवं म्हणून लिहितो.

म्हटलं, जवळ राहू दे. आज नवा शर्ट पहिल्यांदाच घातलाय, फिटिंग नॉर्मल. कार्ड खिशात ठेवायला गेलो. हात छातीवरून नुसताच खाली घसरला. डाव्या बाजूला खडूने आखलेला चौकोन आहे, बरोब्बर कार्डाच्या मापाचा. खिसा लावायचा राहिला.